वाचनाची गोडी आणि कपाटाची किल्ली

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त गोपालपुरा, जयपूर येथे भरलेल्या सभेतील भाषणाचा पाठ)



आपल्या मंडळाला पन्नास वर्षे पूर्ण होत असताना चार शब्द बोलण्यासाठी आपण आम्हाला पाचारण केलेत, याबद्दल प्रथम आभार मानतो. सुवर्णमहोत्सवाच्या व्यासपीठावरून गतकाळाचे गुणगान करावे, असा प्रघात आहे. आपले गणेशोत्सव, आपली नाटके, कोजागरीचे दूध आणि संक्रांतीचे हळदीकुंकू यांविषयी आमच्याहून अधिकाराने बोलू शकतील अशी वडीलधारी मंडळी येथे उपस्थित आहेत. म्हणून त्या वाटेला न जाता आम्ही एक लहानसा विषय आज आपल्यापुढे ठेवणार आहोत. खेड्यातल्या प्राथमिक शाळेतील मुलाला वाचनाची गोडी कशी लागते, आणि पुष्कळदा का लागत नाही, हा तो विषय. जयपुरात राहणाऱ्या मराठी कुटुंबांनी खेड्यातल्या शाळेची चिंता कशासाठी वाहावी, असा प्रश्न आपल्या मनात आला असेल. भाषण संपेपर्यंत त्याचे उत्तर आपल्याला मिळावे अशी आमची इच्छा आहे. न मिळाले तर तो दोष विषयाचा नसून आमच्या वाणीचा समजावा.

आरंभ आपल्या पायाखालच्या भूमीपासूनच करू. आज सभेला येताना आपण सर्वजण गोपालपुरा बायपासवरून आलात. त्या रस्त्याच्या दोन्ही अंगांना शिकवणीवर्गांच्या पाट्यांची जी दाटी झाली आहे, तीत ‘लायब्ररी’ ही पाटी किती वेळा येते, हे कधी मोजले आहे काय? कुतूहलाने आम्ही एकदा अशा एका ग्रंथालयाचा जिना चढून गेलो. आत थंड हवा होती, ओळीने मांडलेली मेजे होती, प्रत्येक मेजावर दिवा होता, आणि दोन मेजांमध्ये शेजाऱ्याचे तोंड दिसू नये म्हणून आडवी फळी होती. पुस्तकांचे कपाट मात्र कोठेही नव्हते. “पुस्तके कोठे ठेवता?” असे आम्ही विचारले, तेव्हा व्यवस्थापक तरुणाने आमच्याकडे सौजन्याने पाहिले आणि सांगितले, “बाबूजी, पुस्तके ज्याची त्याने आणायची. आम्ही जागा देतो.”

यात हसण्यासारखे काही नाही. तेथे बसलेली मुले बहुतेक खेड्यापाड्यांतून आलेली, आईबापांनी पोटाला चिमटा घेऊन पाठवलेली असतात. दिवसाचे दहा-दहा, बारा-बारा तास ती वाचतात. त्यांच्या कष्टांपुढे आम्ही मस्तक लववतो. परंतु जिना उतरताना एक विचार मनाला बोचत राहिला. ही मुले वाचतात ती वाचन एकदाचे संपावे म्हणून. परीक्षा झाली, नेमणुकीचा कागद हाती पडला, म्हणजे यांतील किती जण पुन्हा आपणहून पुस्तक उघडतील? आणि उघडणार नसतील, तर ती गोडी पेरायची राहून गेली ती कोठे? आमच्या मते ती राहून गेली त्यांच्या गावच्या प्राथमिक शाळेत, पहिली ते चौथीच्या वर्गात.

येथे दोन गोष्टी वेगळ्या केल्या पाहिजेत. अक्षरे जुळवून शब्द उच्चारता येणे ही एक, आणि पुस्तक हाती घ्यावेसे वाटणे ही दुसरी. पहिलीच गोष्ट आपल्या देशात अद्याप पुरी साधलेली नाही. ग्रामीण भागातील शिक्षणाची ‘असर’ नावाची पाहणी २००५ सालापासून होत आली आहे. तिच्या २०२४ सालच्या अहवालाप्रमाणे देशातील ग्रामीण सरकारी शाळांत तिसरीच्या शंभर मुलांपैकी सुमारे २३ मुलांनाच दुसरीच्या पुस्तकातील मजकूर नीट वाचता आला, आणि पाचवीच्या शंभर मुलांपैकी सुमारे ४५ मुलांना. हे आकडे वाचले म्हणजे मन खिन्न होते. मग साहजिकच कोणी म्हणतो, की आधी वाचता येऊ द्या, गोडीचे नंतर पाहू. वस्तुतः क्रम याच्या उलट आहे. पाण्याची ओढ वाटल्याखेरीज कोणी पोहायला शिकत नाही. पुस्तकात आपल्यासाठी काहीतरी आहे, हे ज्या मुलाला कळले, ते अक्षरांचा डोंगर चढून जाते. ज्याला कळले नाही, त्याच्या दृष्टीने अक्षर म्हणजे केवळ छडीचे निमित्त.

आपण हिंदी मुलखात राहणारी माणसे आहोत, म्हणून आपल्याला एक गंमत ठाऊक आहे. हिंदीत ‘शिक्षा’ म्हणजे विद्या आणि मराठीत ‘शिक्षा’ म्हणजे दंड. आपल्यापैकी अनेकांची मुले या शब्दावर कधी ना कधी अडखळली असतील. पण खेड्यातल्या कित्येक वर्गांत हे दोन्ही अर्थ एकच होऊन बसलेले असतात. गडबड केली, तर धडा दहा वेळा लिहून काढ. उत्तर चुकले, तर उभा राहा आणि मोठ्याने वाच. वाचन हाच जर दंड ठरला, तर त्याची आवड मुलाला कोठून लागणार?

आता थोडे स्वतःविषयी बोलण्याची परवानगी असावी. आम्ही कृष्णाकाठच्या एका खेड्यात चौथीपर्यंत शिकलो. शाळेला दोन खोल्या होत्या आणि एक हिरवे लाकडी कपाट होते. त्या कपाटात गोष्टींची पुस्तके आहेत, असे आम्ही ऐकून होतो. साहेब तपासणीला येत तेव्हा त्याचे दार उघडे, आणि आम्ही दुरून रंगीत कणा पाहून घेत असू. साहेब गेले की कुलूप पुन्हा लागे. त्या काळी आम्हाला वाटे, की गुरुजी दुष्ट आहेत. पुढे वय वाढल्यावर कळले, की ते केवळ भ्यालेले होते. सरकारी शाळेतील पुस्तक खुर्ची, घंटा आणि फळा यांच्याबरोबर जडवस्तू संग्रहाच्या नोंदवहीत लिहिले जाते. तपासणीत ते कमी भरले, तर जबाब द्यावा लागतो. मुलांच्या हाती दिलेले पुस्तक मळणार, फाटणार, एखादे हरवणार. कुलपात ठेवलेले पुस्तक मात्र नोंदवहीत सदैव बरोबर भरणार. ‘जडवस्तू’ हा शब्द लिहिणाऱ्याने त्या पुस्तकांचे भविष्यच लिहून ठेवले होते म्हणा ना!

आम्ही तिसरीत असताना एक नवे गुरुजी बदलून आले. त्यांनी पहिल्याच आठवड्यात कपाट उघडले. खालच्या फळीवरची पुस्तके आमच्या आधी वाळवीने वाचून संपवली होती. उरलेली गुरुजींनी बाहेर काढून पडवीत उन्हाला मांडली, आणि दुसऱ्या दिवसापासून मधल्या सुट्टीनंतर दहा-पंधरा मिनिटे मोठ्याने वाचून दाखवू लागले. त्यावर प्रश्न नाही, तात्पर्य नाही, शुद्धलेखन नाही. गोष्ट ऐन रंगात आली की पुस्तक मिटायचे आणि “उद्या” एवढेच म्हणायचे.

आमच्याबरोबरचा एक मुलगा दुसरीतूनच शाळा सोडून म्हशी राखू लागला होता. त्याच्या म्हशी त्या वेळी नेमक्या शाळेमागच्या गायरानात येऊ लागल्या. तो खिडकीच्या गजांना धरून उभा राही. गुरुजींनी त्याला आत बोलावले नाही आणि हाकलूनही दिले नाही. त्यांनी एवढेच केले, की आपली खुर्ची उचलून खिडकीपाशी नेली. काही दिवसांनी त्या मुलाला ‘उद्या’चा धीर निघेना. तेव्हा गुरुजींनी पुस्तकच गजांमधून त्याच्या हाती दिले आणि म्हणाले, “पुढचे तूच वाच.” त्याला धड वाचता येत नव्हते. तो संध्याकाळी आम्हाला गाठून एकेक ओळ विचारू लागला, आणि पावसाळा संपेपर्यंत अडखळत का होईना, वाचू लागला.

हा मुलगा पुढे शाळेत परतला, असे सांगता आले असते तर आम्हाला आनंद झाला असता. तो परतला नाही. परंतु पुढे कितीतरी वर्षे आमच्या गावच्या देवळात श्रावणात पोथी लागे, तेव्हा ती वाचणारा तोच होता.

पोथीचा उल्लेख आला म्हणून सांगतो. खेड्याला वाचनाची सवय नाही, असे आपण शहरी माणसे सरसकट म्हणतो. ते खरे नाही. श्रीधरस्वामींचे ‘हरिविजय’, ‘पांडवप्रताप’ आणि ‘शिवलीलामृत’ हे ग्रंथ शतकानुशतके खेड्यांनी ऐकले. वाचणारा एक, ऐकणारे पन्नास. त्यांत अक्षरओळख नसलेल्या आयाबाया असत, आणि मांडीवर पेंगणारी मुलेही असत. आमच्याकडे माणूस पुस्तकापर्यंत पोचत आला तो कानाच्या वाटेने. शाळेने डोळ्याला अक्षर दाखवले हे उत्तमच केले. पण ते करताना कानाची वाट बंद केली. आमच्या गुरुजींनी नवे असे काही केले नव्हते. देवळातली रीत त्यांनी शाळेत आणली, इतकेच.

खेड्यातल्या मुलापर्यंत पुस्तक नेण्याचे मोठ्या प्रमाणावरील प्रयत्न आपल्या मराठी माणसांनी केलेले आहेत, आणि त्यांतला एक तर महाराष्ट्राबाहेर राहून. नाशिक जिल्ह्यातील कवळाणे गावी १८६३ साली जन्मलेला गोपाळराव गायकवाड हा खेडेगावचा मुलगा. बाराव्या वर्षापर्यंत त्याला रीतसर शिक्षण मिळालेले नव्हते. १८७५ साली तो दत्तक जाऊन बडोद्याच्या गादीवर बसला आणि सयाजीराव झाला. उशिरा अक्षर शिकलेल्या या राजाने १८९३ साली अमरेली भागातील निवडक गावांत प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले, आणि १९०६ साली ते सर्व राज्याला लागू केले. परंतु थोड्याच काळात ध्यानात आले, की शाळा सोडलेले मूल पुस्तकाअभावी पुन्हा निरक्षर होते. म्हणून १९१० साली त्यांनी अमेरिकेतून विल्यम बॉर्डन या ग्रंथपालाला बोलावून घेतले, आणि पुढील काही वर्षांत राज्यभर ग्रंथालयांचे जाळे विणले. गावाने एक हिस्सा जमवावा, दुसरा स्थानिक पंचायतीने आणि तिसरा सरकारने घालावा, अशी तिहेरी योजना होती. गुजरातीभाषी प्रजेसाठी मोतीभाई अमीन यांच्यासारख्या शिक्षकाने गावोगाव जी वाचनालये उभारली होती, तीही या कार्याला पूरक ठरली.

या सर्वांत आम्हाला मोलाची वाटते ती फिरत्या पेटीची कल्पना. निवडक पुस्तकांनी भरलेली लाकडी पेटी खेड्यात धाडायची, गावातल्या एका जबाबदार माणसाने ती सांभाळायची, वाचून झाली की परत पाठवून दुसरी मागवायची, आणि वाहतुकीचा खर्च सरकारने सोसायचा. कपाट जागेवर उभे असते आणि वाचकाची वाट पाहते. पेटी वाचकाकडे चालत जाते. ही पेटी पाठवणारा राजा स्वतः वयाच्या बाराव्या वर्षापर्यंत पुस्तकाविना राहिलेला होता, हे विसरू नये.

दुसरे उदाहरण ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांचे. भावनगरला गिजुभाई बधेका यांच्याबरोबर काम केलेल्या ताराबाई १९४५ साली तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील समुद्रकाठच्या बोर्डी गावी आल्या, अनुताई त्यांना येऊन मिळाल्या, आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर वारली मुलांमध्ये त्यांचे काम रुजले. मुले बालवाडीत येईनात, तेव्हा या दोघींनी बालवाडीच पाड्यावरच्या अंगणात नेली; ‘अंगणवाडी’ हा आज देशभर रूढ असलेला शब्द त्याच प्रयोगातला. मोठी मुले गुरे घेऊन रानात जातात असे दिसले, तेव्हा शाळा कुरणात भरवली आणि तिला ‘कुरणशाळा’ म्हटले. खिडकीपाशी खुर्ची नेणारे आमचे गुरुजी आम्हाला कुरणशाळेच्याच जातीचे वाटतात. मूल शाळेकडे येत नसेल, तर शाळेने चार पावले चालावीत.

तिसरे उदाहरण फलटणचे. मॅक्सीन बर्नसन या अमेरिकेत जन्मलेल्या विदुषी फलटणच्या बोलीचा अभ्यास करण्यासाठी १९६६ साली तेथे आल्या आणि तेथल्याच होऊन गेल्या. १९७८ साली त्यांनी भारताचे नागरिकत्व घेतले. शाळेबाहेर राहिलेल्या वस्तीतील मुलांना वाचायला-लिहायला शिकवता शिकवता प्रगत शिक्षण संस्थेचे काम उभे राहिले, आणि १९८६ साली कमला निंबकर बालभवन ही शाळा सुरू झाली. भाषाशास्त्र जाणणाऱ्या या बाईंनी एक गोष्ट ओळखली. मूल घरी जी बोली बोलते, ती अशुद्ध म्हणून झिडकारली, तर मूल मुके होते, आणि मुक्या मुलाला वाचनाची गोडी लागत नाही. त्याची बोली वर्गात येऊ द्यावी, त्याने आपल्या अनुभवाचे चार शब्द स्वतः लिहावे, तेच वाचावे, आणि तेथून हळूहळू पुस्तकाच्या भाषेकडे जावे. या संस्थेने पुढे फलटण परिसरातील जिल्हा परिषदेच्या शाळांबरोबरही वाचन आणि वाचनालये यांचे काम केले.

आपल्या या जयपूरच्या कडेलाही असे प्रयत्न झाले आहेत. १९७८ साली सुरू झालेल्या ‘दिगंतर’ या संस्थेने पुढे जगतपुऱ्याच्या बाजूच्या खेड्यांत ज्या शाळा चालवल्या, त्यांत मुलाने परीक्षेच्या भयाविना आपल्या गतीने शिकावे हे तत्त्व सांभाळले. मुलाचे मन मराठी मुलखात एक आणि ढुंढाडात दुसरे, असे नसते.

या सर्व उदाहरणांवरून खेड्यातल्या साध्या दोन शिक्षकी शाळेत काय करता येईल, हे सांगण्याचे धाडस करतो. त्याला मोठा निधी लागत नाही.

पहिली गोष्ट, रोज दहा मिनिटे शिक्षकाने मोठ्याने वाचून दाखवावे, आणि त्यानंतर काहीही विचारू नये. दुसरी, पुस्तके कपाटातून काढून मुलांच्या उंचीवर आणावीत. कित्येक शाळांत भिंतीला दोरी बांधून तिच्यावर पुस्तके वाळत घातल्यासारखी लटकवतात. मुखपृष्ठ समोर दिसते, आणि मूल आंब्याला हात घालावा तसा पुस्तकाला हात घालते. तिसरी, देवघेवीची वही मुलांनीच लिहावी. सहा पुस्तके दिली, पाच परत आली, हा हिशेब चौथीतले मूल शिक्षकाहून कसोशीने ठेवते. चौथी, गावातल्या आजीने सांगितलेली गोष्ट मुलांनी लिहून काढावी, चित्रे काढून शिवावी, आणि तेही पुस्तक त्याच दोरीवर लावावे. ज्या दिवशी आजीची गोष्ट छापील पुस्तकाशेजारी टांगली जाते, त्या दिवशी मुलाला कळते, की पुस्तके माणसेच लिहितात. आणि पाचवी गोष्ट वरिष्ठांसाठी आहे. वाचून वाचून फाटलेल्या पुस्तकाचे निर्लेखन विनासायास व्हावे. फाटके पुस्तक हा शिक्षकाचा अपराध मानू नये. करकरीत कोऱ्या पुस्तकाबद्दल मात्र त्याला जरूर जाब विचारावा.

ग्रंथालयशास्त्राचे आचार्य रंगनाथन यांनी १९३१ साली आपली पाच सूत्रे प्रसिद्ध केली. त्यांतले पहिलेच असे, की ग्रंथ हे वापरण्यासाठी असतात. एवढी उघड गोष्ट सूत्र म्हणून का सांगावी लागली? कारण युरोपात एके काळी ग्रंथ साखळदंडांनी मेजाला बांधून ठेवीत. आमच्याकडे साखळी नव्हती. आम्ही कुलूप लावले.

महाराष्ट्रात आता वारे थोडे पालटले आहे, हेही सांगितले पाहिजे. रामेश्वरमला वर्तमानपत्रे वाटत मोठे झालेले डॉ. अब्दुल कलाम यांचा १५ ऑक्टोबर हा जन्मदिवस २०१५ सालापासून शाळाशाळांत ‘वाचन प्रेरणा दिन’ म्हणून पाळला जातो. पाचगणी-महाबळेश्वरच्या वाटेवरील भिलार हे स्ट्रॉबेरी पिकवणारे गाव ४ मे २०१७ रोजी ‘पुस्तकांचे गाव’ झाले. ब्रिटनमधल्या ‘हे-ऑन-वाय’ या पुस्तकांच्या गावावरून ही कल्पना सुचली. तेथे आरंभी गावकऱ्यांच्या घरांत, देवळांत, शाळेत मिळून २५ ठिकाणी सुमारे १५,००० पुस्तके मांडली गेली. कोणाच्याही ओसरीवर बसावे आणि वाचावे. आपल्या घराचा दर्शनी भाग पुस्तकांना देणारी ही शेतकरी माणसे पाहिली, म्हणजे खेड्याला पुस्तकांचे वावडे आहे, हे कोण म्हणेल? तथापि वर्षाचा एक दिवस आणि राज्यातले एखाददुसरे गाव एवढ्याने भागत नाही. गोडी रोज दहा मिनिटांनी लागते.

आणि आता आपल्या स्वतःकडे वळतो.

आमच्या त्या गुरुजींची चार वर्षांनी बदली झाली. पदभार देताना नोंदवहीशी पुस्तके ताडून पाहिली, तेव्हा सात कमी भरली. त्यांची किंमत गुरुजींनी आपल्या तुटपुंज्या पगारातून भरली, आणि काही न बोलता ते गाव सोडून गेले. त्यांच्यामागून आलेल्या शिक्षकांनी कपाटाला पुन्हा कुलूप घातले. आम्ही त्यांना दोष देत नाही, कारण त्या सातांपैकी एक पुस्तक आमच्या घरी आहे. चौथीच्या सुट्टीत वाचायला म्हणून नेले, आणि परत करायचे धैर्य झाले नाही. गावाहून पुण्यास, पुण्याहून जयपुरास, जेथे जेथे बिऱ्हाड हलले तेथे तेथे ते ट्रंकेत आमच्याबरोबर आले. एका माणसाचे वाचन त्या पुस्तकावर उभे राहिले, आणि त्याची किंमत दुसऱ्या माणसाने भरली.

अशा माणसाने पुढे काय करायला हवे होते, हे आपण सांगू शकाल. त्याने काय केले, ते आम्ही सांगतो. आपल्या मंडळाच्या कार्यालयात मराठी पुस्तकांचे एक पोलादी कपाट आहे. काही वर्षांपूर्वी कार्यकारिणीने विश्वासाने त्याची किल्ली आमच्याकडे दिली. आरंभी आम्ही ते रविवारी उघडत असू. मग एकदोन पुस्तके परत येईनाशी झाली, कोणी पाने दुमडून आणली, आणि आम्ही नियम कडक केले. नियम कडक झाले तसे वाचक विरळ झाले, आणि वाचक विरळ झाल्यावर उघडायचे कशाला, असे आमच्या मनाने घेतले. गेल्या महिन्यात या समारंभासाठी जुनी कागदपत्रे चाळताना देवघेवीची वही हाती आली. तिच्यातील शेवटच्या नोंदीला सहा वर्षे उलटून गेली आहेत. बंधुभगिनींनो, ज्या हिरव्या कपाटाबद्दल आम्ही जन्मभर तक्रार केली, ते आमच्याच ताब्यात होते.

आपली मुले मराठी समजतात, आजीशी बोलतात, आणि छापील मराठी पान पुढे आले की “मला नाही येत” म्हणून बाजूला सारतात. कारण शोधायला दूर जायला नको. परदेशातल्या मराठी मुलाला आधी लिपी शिकावी लागते. आपल्या मुलांना ती हिंदीने फुकट दिली आहे. हिंदी वाचणारे मूल मराठीचे पान आजच्या आज वाचू लागू शकते. ‘ळ’ तेवढा शिकवायचा, आणि तोही मारवाडी बोलणाऱ्या शेजारणीच्या ‘काळो’ या शब्दात रोज ऐकू येतोच. ‘चाक’ आणि ‘जागा’ या शब्दांतील ‘च’ आणि ‘ज’ जिभेवर यायला चार दिवस लागतील. अडचण लिपीची नाही. त्यांना कोणी वाचून दाखवले नाही आणि त्यांच्या हाती पुस्तक ठेवले नाही, ही अडचण आहे. म्हणजे घरी एक भाषा आणि शाळेत दुसरी, अशा कोंडीत सापडलेल्या खेड्यातल्या मुलाचीच ही स्थिती आहे. त्या मुलाला जे औषध लागू पडले, तेच आपल्या मुलांना लागू पडेल. भाषणाच्या आरंभी राहिलेल्या प्रश्नाचे उत्तर हेच.

म्हणून सुवर्णमहोत्सवी वर्षासाठी तीन विनंत्या करतो. पहिली, प्रत्येक घरात रात्री जेवणानंतर दहा मिनिटे कोणीतरी मोठ्याने मराठी वाचावे. पुस्तक नसेल तर बालभारतीच्या ‘किशोर’ मासिकाचे, म्हणजे १९७१ साली सुरू झालेल्या त्या मासिकाचे जुने अंक आता भ्रमणध्वनीवर विनामूल्य वाचता येतात. दुसरी, मंडळाची पुस्तके कपाटात न ठेवता बडोद्याच्या रीतीने दहा पेट्यांत भराव्यात, आणि दर महिन्याला पेटी एका घरातून दुसऱ्या घरी जावी. मालवीय नगरापासून झोटवाड्यापर्यंत आपली घरे विखुरलेली आहेत, पेटीला फिरायला मुलूख पुष्कळ आहे. तिसरी, सुट्टीत गावी जाणाऱ्या प्रत्येक कुटुंबाने आपल्या गावच्या प्राथमिक शाळेसाठी मराठी पुस्तकांची एक पिशवी न्यावी. आणि ज्या राजस्थानने आपल्याला पन्नास वर्षे पोसले, तेथल्या एका खेड्याच्या शाळेला मंडळाने दरवर्षी हिंदी पुस्तकांची एक पेटी द्यावी. देताना शिक्षकाला स्पष्ट लिहून द्यावे, की ही पुस्तके मोजायला आम्ही पुन्हा येणार नाही.

ही कपाटाची किल्ली. रीतीप्रमाणे ती अध्यक्षमहोदयांच्या हाती द्यायला हवी, पण त्यांची क्षमा मागून आम्ही ती सतरंजीवर बसलेल्या मुलांकडे देतो. वही त्यांनी लिहावी, पेट्या त्यांनी भराव्यात. काही पुस्तके हरवतील. हरवलेल्या पुस्तकांची किंमत आमच्या नावावर मांडावी. एका पुस्तकाची फार जुनी बाकी आमच्याकडे आहे, तिचा तेवढाच भरणा होईल.

मंडळाच्या शतकमहोत्सवाला आम्ही नसू. त्या दिवशी या पुस्तकांपैकी निम्मी फाटलेली असावीत, एवढी इच्छा व्यक्त करून आमचे भाषण पुरे करतो.